लिथियम-आयन बॅटऱ्या महिनोन्‌महिने ठेवून द्यायच्या असतील तर

पहिली गोष्ट, फुल चार्ज करून कपाटात टाकू नका. नवीन माणूस हमखास हेच करतो, पुढच्या वेळी तयार मिळेल म्हणून. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला भरून पडून राहिला की आतल्या आत झिजतो, त्यात उष्णता असेल तर भराभर. साधारण ४० ते ६० टक्के, म्हणजे सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. लायपोच्या (लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या) बहुतेक चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ मोड असतो, तो याचसाठी.

पूर्ण रिकामी ठेवणं त्याहून वाईट. व्होल्टेज फार खाली जाऊन सेल तसाच राहिला तर आतलं तांबं विरघळायला लागतं आणि नंतर चार्ज करताना आतूनच शॉर्ट होऊ शकतो. असा सेल ‘जिवंत’ करायच्या फंदात पडू नका. दर तीनेक महिन्यांनी मल्टीमीटर लावून व्होल्टेज बघा. उपकरणातून बॅटरी निघत असेल तर काढाच. बंद उपकरणही थोडं थोडं पीत असतं.

सुटे १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, नळकांड्यासारखे) असतील तर धन टोकाजवळचं वेष्टन निरखून बघा. बाहेरचा अख्खा डबा ऋण असतो, अगदी त्या टोकाच्या कडेपर्यंत. तिथे वेष्टन फाटलेलं असेल तर एखादी किल्लीही शॉर्टला पुरते. खिशात किंवा ड्रॉवरमध्ये सुटे नकोत, प्लॅस्टिकची डबी घ्या.

फ्रीजच्या भानगडीत पडू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. थंड, कोरडी खोली पुरे. फुगलेली बॅटरी मात्र दाबू नका, टोचू नका, चार्जला तर लावूच नका. जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा संकलनात द्या.