बाँडवर सही करण्यापूर्वी

चि.,
अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कारखान्याचा बाँड तू पाठवलास, तो मी नीट वाचला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास प्रशिक्षणखर्चापोटी दीड लाख रुपये भरावेत, जामीनदार म्हणून वडिलांनी सही करावी आणि सोबत शेताचा सातबारा व सही केलेला कोरा चेक जोडावा, असे त्यात लिहिले आहे.

असे बाँड न्यायालयात टिकतच नाहीत, असे दारव्ह्याच्या आयटीआयमधली मुले एकमेकांना सांगतात. त्यावर विसंबू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षे पूर्ण होण्याआधी राजीनामा देणाऱ्या अधिकाऱ्याकडून बँकेने घेतलेले दोन लाख रुपये वैध ठरवले. मात्र त्यामागची कारणेही लक्षात घे. सरकारी बँकेला भरतीसाठी खर्चिक आणि लांबलचक प्रक्रिया करावी लागते आणि तो अधिकारी वरच्या पदावर, चांगल्या पगारावर होता, म्हणून ती रक्कम न्यायालयाला अवाजवी वाटली नाही. नव्या ऑपरेटरच्या पगाराला दीड लाखाचा आकडा तसाच शोभतो का, हा प्रश्न तिथेही विचारला जाऊ शकतो, कारण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते.

म्हणून खरा मुद्दा प्रशिक्षण कशाला म्हणायचे हा आहे. जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभे राहून तू व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या धातुकामाच्या यंत्रावर, जॉब (घडवायचा भाग) लावणार, काढणार, व्हर्नियरने माप तपासणार आणि त्याच पाळीत कारखान्याचा मालही निघणार असेल, तर ते नेहमीचे काम आहे. त्याचा खर्च तुझ्या माथी मारणे मला मुळीच पटत नाही. उलट कारखान्याने शुल्क भरून, राहण्याजेवणाची सोय करून तुला महिनाभर बाहेर शिकायला पाठवले, तर तो खर्च खरा आहे आणि ते कौशल्य घेऊन लगेच दुसरीकडे जाणाऱ्याने तो परत करणे न्याय्यच आहे. बुटीबोरीतल्या लहान कारखानदारांचेही अशाने नुकसान होते.

तेव्हा एचआरला लेखी विचार की कोणते प्रशिक्षण, किती दिवसांचे आणि किती खर्चाचे. रक्कम दरमहा कमी होत जावी असे कलम माग; म्हणजे अडीच वर्षे काम केल्यावर उरलेल्या सहा महिन्यांचे पंचवीस हजारच देणे राहील. कंपनीनेच कामावरून काढले तर काहीही वसूल होणार नाही, हेही लिहून घे.

सर्वांत जास्त काळजी मला वडिलांच्या सहीची वाटते. करार वेगळे काही सांगत नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते, आणि कापसाच्या पैशांवर वर्ष काढणाऱ्या माणसाला तुझ्या नोकरीच्या करारात ओढण्याचे काही कारण नाही. सातबारा देऊ नकोस. कोरा चेक तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नकोस, कारण त्यावर कंपनीने रक्कम भरली आणि तो वटला नाही, तर दिवाणी वाद चेकसंबंधीच्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी होऊन बसतो. मूळ गुणपत्रिका दाखवून परत आण.

पुढे कधी नोकरी सोडावी लागली, तर नोटीस पिरियड पूर्ण कर, राजीनामा ईमेलने दे आणि त्याची पोच जपून ठेव. तुझ्या पीएफ खात्यातील रक्कम अशा देण्यापोटी जप्त होत नाही, तेव्हा कोणी तशी भीती घातली तर दबू नकोस. वकिलाची नोटीस आलीच, तर वडिलांना सावकाराकडे जाऊ देऊ नकोस. तिला लेखी उत्तर देता येते. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळू शकतो.

एचआरचे उत्तर आले की मला पाठव, आणि तोवर सही करू नकोस.

तुझे,
सर