आश्रमशाळेचा ‘स्वखुशी’चा कागद आणि सिकलसेलचा दाखला

प्रश्न : आम्ही कोकणा आदिवासी, सुरगाणा तालुक्यातले. मुलगा १५ वर्षांचा आहे. शासकीय आश्रमशाळेत राहून नववीत शिकतो. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. थंडी-पावसात हाडं दुखून रडतो, दोनदा रक्त चढवलं. वर्षभर डाव्या पायाने लंगडतो. आम्ही नवरा-बायको द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे जातो, घरी म्हातारी सासू एकटी. आता शाळा म्हणते, रात्री काही झालं तर जबाबदारी कोणाची, मुलाला घेऊन जा आणि ‘स्वखुशीने नेत आहे’ असं लिहून द्या. अपंगाचा दाखला काढायला शिबिरात गेलो तर हातपाय धड आहेत, रक्ताचा आजार यात बसत नाही, म्हणून परत पाठवलं. एका कार्यालयात म्हणाले, आदिवासीच्या सवलती घेता ना, मग ही आणखी कशाला? कुठली तरी एकच घ्या. काय करू? (पत्र भाचीकडून लिहून घेतलं आहे.)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. ‘स्वखुशीने’ या एका शब्दाने शाळेची जबाबदारी संपते आणि तुमची तक्रार तिथेच अडते. उद्या कुठेही दाद मागायला गेलात तर समोर हाच कागद येईल की आईनेच मुलाला नेलं. सही आधीच झाली असेल तरी घाबरू नका. ‘मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून सही केली, मुलाला शाळा सोडायची नाही’ असा अर्ज आजच्या तारखेने द्या आणि झेरॉक्सवर शाळेचा शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आता शिबिरात जे सांगितलं त्याबद्दल. ते चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या यादीत २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्याबरोबर सिकलसेलचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. हातपाय धड दिसतात म्हणून कायद्यातलं नाव खोडता येत नाही. शिवाय तुम्हाला तोंडी परत पाठवलं, तो कायद्याने नकारच नाही. कलम ५८ प्रमाणे एक तर दाखला द्यायचा, नाहीतर ‘दिव्यांगत्व नाही’ असं लेखी कळवायचं. तसा लेखी नकार आला तर कलम ५९ खाली अपील करता येतं. म्हणून तुमचा अर्ज ऑनलाइन नोंदला होता का, हे आधी पाहा. शिबिरात नुसतं रांगेत उभं राहून आलात असाल तर अर्ज झालेलाच नाही. गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रातून स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरा आणि अर्जाच्या क्रमांकाची प्रिंट घ्या.

तपासणीला जाताना काय न्यायचं हे नीट सांगते, कारण अशी प्रकरणं इथेच फसताना मी पाहते. आश्रमशाळेत बोटाचं रक्त घेऊन जी पहिली चाचणी होते, ती पुरेशी नाही. मुलगा नुसता वाहक (दोष अंगात, पण स्वतः आजारी नाही) आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही, आणि वाहकाला दाखला मिळत नाही. तुम्हाला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पक्क्या चाचणीचा रिपोर्ट लागेल, ज्यावर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असं लिहिलेलं असतं. त्याच्याबरोबर रक्त चढवल्याचे कागद, प्रत्येक वेळच्या भरतीचं डिस्चार्ज कार्ड आणि सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी न्या. हरवलं असेल तर ज्या दवाखान्यात भरती होता तिथे लेखी अर्ज देऊन नक्कल मागा. आणि एका वहीत भाचीला लिहायला सांगा: कोणत्या तारखेला दुखलं, किती दिवस, शाळेचे किती दिवस बुडाले. डॉक्टर भरभर मराठीत विचारतात, पोरगं सुईच्या भीतीने ‘नाही दुखत’ म्हणतं, आई घरी डांगी बोलणारी, ती डॉक्टरांपुढे गप्प राहते, आणि दाखल्यावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी खाली येते. वही असली की ती बोलते. गावातल्या आशाताई सोबत येत असतील तर जरूर न्या. टक्केवारी कशी काढायची याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. तपासणी त्याप्रमाणे करावी, अशी ओळ अर्जात घाला.

लंगडण्याकडे दुर्लक्ष करू नका. सिकलसेलमध्ये खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजतं, असं काही मुलांच्या बाबतीत होतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, खुब्याचा एक्सरे काढा, ते सांगतील तर एमआरआयही. औषधोपचारासाठी हे हवंच. पण वकील म्हणून त्यामागे माझं आणखी एक कारण आहे. सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं ४ टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये आहे आणि त्यात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. चालण्याचं दिव्यांगत्व मात्र धरलेलं आहे. खुबा खराब झाला असेल तर दाखल्यावर सिकलसेल आणि अस्थिव्यंग, दोन्हींची नोंद मागा. आज न मागितलेली ही नोंद त्याला पुढे दहा वर्षांनी नडेल. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांना ही अडचण नाही. तिथे ४० टक्के किंवा जास्त असलेलं कुठलंही दिव्यांगत्व चालतं, वयातही ५ वर्षांची सूट आहे.

‘एकच सवलत घ्या’ असं जो म्हणाला त्याला कायदा माहीत नाही, आणि ते वाचून मला फार वाईट वाटलं. जमातीचं आरक्षण आणि दिव्यांगांचं आरक्षण ही एकमेकांच्या वाट्यातली नाहीत. दिव्यांगांचं आरक्षण समांतर असतं. तुमचा मुलगा अनुसूचित जमातीचा उमेदवार म्हणूनच मोजला जाईल आणि त्याच वेळी दिव्यांग म्हणूनही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये पतन जमाल वली खटल्यात जात, लिंग आणि दिव्यांगत्व एका माणसात एकत्र येतात तेव्हा अन्याय कसा गुंतत जातो, यावर सविस्तर लिहिलं आहे. तो खटला जन्मांध दलित तरुणीवरच्या बलात्काराचा होता, शाळेचा नव्हता. पण हे धागे वेगवेगळे करून पाहू नका, ही त्यातली दृष्टी तुमच्या अर्जातही मांडता येते. तुमच्या घरी तेच तर घडतंय. छाटणीला गेलं नाही तर चूल पेटत नाही, आणि गेलं तर आजारी पोराजवळ कोणी नाही.

शाळेकडे वळू. मुख्याध्यापक कदाचित सांगतील की शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच आहे. खरं आहे. पण दिव्यांग कायद्याचं कलम ३१ दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. आणि दाखला हातात नसताना, टक्केवारी कमी आली तरीसुद्धा, कलम ३ आणि १६ तुमच्या बाजूने उभी आहेत. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांग मुलाशी भेदभाव करता येत नाही आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्या लागतात. रात्रीच्या जबाबदारीची त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. अधीक्षक एक, मुलं शेकडो. पण त्यावरचा उपाय मुलाला घरी पाठवणं हा नाही. सोयी स्वस्त आहेत, त्या अर्जात एकेक करून मागा: पहाटे थंड पाण्याची आंघोळ नको, थंडीत जादा पांघरूण, वर्गात पाण्याची बाटली जवळ, धावणं आणि श्रमाची कामं माफ, जिना चढावा लागणार नाही असा वर्ग, गोळ्या वेळेवर देण्याची जबाबदारी एका माणसावर, दुखणं उठलं की कोणत्या दवाखान्यात न्यायचं आणि कोणाला फोन करायचा हे भिंतीवर लिहिलेलं, आजारपणाची गैरहजेरी नाव कमी करायला वापरायची नाही. डॉक्टरांकडून याच गोष्टींची चिठ्ठी आणलीत तर शाळेलाही आधार मिळतो.

हा अर्ज मुख्याध्यापकांना, आणि त्याच्या प्रती कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तांना द्या. सुरगाणा कळवण प्रकल्पात येतं, म्हणून आधी तिथे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते त्यांना कळवावं लागतं. ‘एकच घ्या’ म्हणणाऱ्या त्या माणसावर आत्ताच फौजदारी तक्रार करावी असं मला वाटत नाही. दिव्यांग कायद्यात कलम ९२ आहे, पण त्यासाठी चारचौघांत, हेतुपुरस्सर अपमान केल्याचं सिद्ध करावं लागतं. त्याचं बोलणं, तारीख आणि तिथे कोण होतं, एवढं वहीत लिहून ठेवा. आधी पोराची नववी वाचवू.

वकिलाच्या पैशांची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ खाली अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल आणि दिव्यांग, यातल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तुमच्या घरात चारही आहेत. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. नाशिकला येणं जमत नसेल तर १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करा.

दाखल्याची टक्केवारी ४० किंवा जास्त आली की एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळेल, तपासणीच्या फेऱ्यांना ती उपयोगी पडेल. दहावीच्या परीक्षेतल्या वाढीव वेळेचा अर्ज शाळेमार्फत पुढच्या वर्षीच्या सुरुवातीलाच करा. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीचे कागद, म्हणजे सासऱ्यांचे आणि त्यांच्या वडिलांचे शाळेचे किंवा महसुलाचे जुने उतारे, आत्तापासून गोळा करायला घ्या.

आणि शाळेत अर्ज द्यायला जाल तेव्हा मुलालाही सोबत उभं करा. त्याला शाळेत राहायचं आहे का, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला राहायचं असेल तर त्याच्याच अक्षरात दोन ओळी लिहून घ्या आणि त्या अर्जाला जोडा.