रोजचा बायबलचा पाठ दिवसभर सोबत कसा राहील?

सलाम ताई. तुम्ही विचारलंय की सकाळी लोकल पकडायच्या आधी त्या दिवसाचा पाठ आणि त्यावरचं मनन वाचता, पण ऑफिसला पोचेपर्यंत काहीच आठवत नाही. मग या वाचनाचा जगण्याशी संबंध येतो कुठे? मी मुंबईतल्याच एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. आमच्या घरोघरच्या प्रार्थनासभेत शास्त्रपाठावर बोलायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट आहे असं मला वाटत नाही. आपण बहुतेक जण पाठ उघडतो ते त्यात आज माझ्यासाठी काय आहे हे बघायला. एखादं दिलासा देणारं वचन सापडलं की मन निवतं आणि पुस्तक मिटतं. माझं म्हणणं असं की आधी त्या पाठातली माणसं बघा. कोण आहेत, कुठे उभी आहेत, कशासाठी अडून बसली आहेत? मग तीच माणसं आपल्या दिवसात कुठे भेटतात ते शोधा. असा वाचलेला पाठ सहसा विसरत नाही, कारण तो रस्त्यात पुन्हा भेटतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २० व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. धनी पहाटे बाजारात जाऊन दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर आणतो. पुन्हा नऊला, बाराला, तीनला जातो. संध्याकाळी पाच वाजता गेला तरी काही माणसं तिथे उभीच. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो. ती सांगतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. मुंबईत राहणाऱ्याला हे चित्र समजावून सांगायला नको. सकाळी कुठल्याही मोठ्या नाक्यावर थापी, घमेलं, रंगाचे ब्रश घेऊन माणसं उभी असतात. मराठवाड्यातून आलेली, उत्तरेकडून आलेली, काही जोडीने आलेली. मुकादम येतो, तरणीताठी पोरं आधी निवडतो. ऊन चढलं की उरतात ती वयस्कर माणसं, हडकुळी माणसं, कडेवर मूल असलेली बाई. पाच वाजेपर्यंत उभे राहिलेले म्हणजे आळशी, असं आपण सहज धरून चालतो. दाखल्यात तसं कुठेही म्हटलेलं नाही. त्यांना कोणी घेतलं नाही, एवढंच आहे.

धनी त्यांनाही पूर्ण दिनार देतो, म्हणजे घरची चूल पेटेल एवढी दिवसाची मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, आणि खरं सांगायचं तर त्यांची कुरकुर मला कळते. उन्हात त्यांनी दिवस काढलाय. पण त्यांचं ठरलेलं कापलेलं नाही. दुसऱ्याला मिळालं हे त्यांना सलतंय. बढतीच्या यादीत आपल्यानंतर लागलेल्याचं नाव दिसलं की आपल्या पोटात जे होतं, तेच हे. आता याच्या मागचं-पुढचं वाचा. १९ व्या अध्यायाच्या शेवटी येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडलं, तर आम्हाला काय मिळणार? आणि दाखल्यानंतर थोड्याच ओळींनी जब्दीच्या मुलांची आई येऊन आपल्या दोन्ही मुलांसाठी, तेही शिष्यच, येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागते. दोन मागण्यांच्या मधोमध येशूचा हा दाखला बसलेला आहे. नुसता पाठ वाचून हे लक्षात येत नाही.

आमच्या सभेत या पाठावर खूप बोलणं झालं. कोणीतरी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायातली आज्ञा काढली: मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, असं लिहिलंय. तेव्हापासून आमच्या दोन-तीन घरांत ठरलं की कामाला येणाऱ्या मावशी आजारी पडल्या तर खाडा कापायचा नाही, आणि रंगारी किंवा प्लंबर घरी आला तर त्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्यायचे. तुम्ही संबंध विचारलात तो माझ्या मते इथे आहे.

आता सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास येणारं वचन, यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे वाचून बरं वाटतंच, वाटावंही. पण ते यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जायच्या आधीच मरणार. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! आमच्या मंडळीत नगर-जालन्याकडून पोटासाठी आलेली कितीतरी म्हातारी माणसं आहेत. शेवटी गावीच जायचंय, असं म्हणत म्हणत त्यांचं आयुष्य इथेच गेलं. त्यांना हे पत्र वाचून दाखवा, त्यांचे चेहरे बघा. आम्ही आता दर सभेत मुंबईसाठी नावानिशी प्रार्थना करतो: सफाई कामगार, बेस्टचे चालक, रात्रपाळीच्या नर्सेस.

व्यवहाराचं थोडक्यात. बायबलचे १,१८९ अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून जास्त वाचावे लागतात, आणि बरेच जण लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात थांबतात. तुमच्या धावपळीत तो हिशेब सोडा. घरी पाठ वाचा, गाडीत फक्त त्यातलं एक माणूस डोक्यात ठेवा, रात्री दोन मिनिटं त्याच्याविषयी देवाशी बोला. भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर बिनधास्त घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली; १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी ते काम त्यांनी पुरं केलं होतं. साधी मराठी म्हणजे कमी प्रतीची भक्ती, असं त्यांना वाटलं नाही.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं, आणि त्यात येशू सारखा वाटेवर असतो, गर्दीत असतो. पहिला आठवडा पहिल्या दोन अध्यायांतच राहा. दुसऱ्या अध्यायात छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडणारे चौघे भेटतील. त्या चौघांपैकी तुमच्या ऑफिसात कोण आहे, ते मला इथेच लिहून कळवा.