सही करण्याआधी करार शेवटून वाच

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतचा भाडेपट्ट्याचा मसुदा, दोन्ही सावकाश वाचले. शिरूरकडची आठ एकर जमीन सोलर कंपनीला 29 वर्षांसाठी द्यावी का, हा तुझा प्रश्न. पण आधी तुझ्या मावसभावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेजाऱ्याकडे वळतो. गॅसच्या विहिरीसाठी शेत लीजवर दिलं आणि आता घरबसल्या चेक येतात, ही त्याची गोष्ट तुझ्या घरात सगळ्यांच्याच डोक्यात बसलेली दिसते.

तिकडे जमिनीखालच्या वायूवर खाजगी मालकी असते, म्हणून कंपनीला मालकाच्या दारात यावं लागतं. सहीच्या वेळी एकरकमी बोनस मिळतो, गॅस निघाला की रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला हिस्सा. पेनसिल्व्हेनियात 1979 च्या कायद्याने ही रॉयल्टी किमान एक अष्टमांश आहे. ऐकायला छान वाटतं. पण गॅस शुद्ध करून बाजारापर्यंत नेण्याचा खर्च धरून रॉयल्टी काढता येते, असं तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं, आणि ज्यांच्या करारात याविरुद्ध स्पष्ट कलम नव्हतं त्यांच्या हाती कमी पैसे पडले. मुदतीचंही तसंच. कागदावर करार पाचेक वर्षांचा दिसतो, पण एकदा गॅस येऊ लागला की तो येत राहील तोवर करार सुटत नाही. मावसभावाला एकच विचार: शेजाऱ्याला जमीन परत कधी मिळणार?

आपल्याकडे तो व्यवहार होऊच शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 48 प्रमाणे जमिनीखालचं खनिज सरकारचं. उद्या शिरूरमध्ये गॅस सापडला तरी परवाना सरकार देईल, तुमच्या वाट्याला येईल ती वरच्या जमिनीची भरपाई. तेव्हा तुझ्या सख्ख्या काकांनी ती आशा सोडावी. तुमच्या हातात जमिनीचा वरचा थर आहे आणि त्यावर पडणारं ऊन आहे. सौदा त्याचा आहे.

आता मसुदा. तुम्ही सगळ्यांनी भाड्याच्या दराचं पान वाचलंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आधार घेऊन कंपनी हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये देते आहे, म्हणजे एकरी साधारण पन्नास हजार. खडकाळ माळाला हा भाव वाईट नाही, उलट चांगला आहे. फक्त वाढ बघ: दरवर्षी मूळ दराच्या 3 टक्के, सरळ, चक्रवाढ नव्हे. पंचविसाव्या वर्षी हेक्टरी दर होतो 2,15,000. तोपर्यंत किराणा किती पटींनी महागला असेल, हे तुझ्या आईला विचार. शिवाय हे भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यावर आयकर लागेल.

मला खरी काळजी वाटते ती पाचव्या पानाची. भाडं सुरू होणार ‘प्रकल्प कार्यान्वित झाल्याच्या दिनांकापासून’, आणि तो दिनांक ठरवणार कंपनी. ताबा मात्र सहीच्या दिवशीच द्यायचा. मधल्या काळात कंपनीला वीजखरेदीचा करार मिळाला नाही, बँकेने कर्ज दिलं नाही, तर तुमचा माळ टोकनच्या रकमेवर अडकून पडणार. ना पेरता येणार, ना दुसऱ्याला देता येणार. ताबा दिला त्या दिवसापासून भाडं, आणि वर्षभरात काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द, ही दोन वाक्यं घातल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ती घालायला कंपनी नाही म्हणाली तर तुला तुझं उत्तर मिळालं असं समज.

शेवटचं पान तर अर्धं कोरंच आहे. मुदत संपल्यावर ‘जागा परत करण्यात येईल’, बस्स. कोणत्या अवस्थेत? जमिनीत ठोकलेले लोखंडी खांब, त्यांच्या बुडाचं काँक्रीट, पुरलेल्या केबली कोण उपसणार? कंपनी तेव्हा असेल का? मसुद्यात करार तिसऱ्याला वर्ग करायची मुभा आहे, म्हणजे 29 वर्षांनी समोर कोण उभं असेल ते आज कुणालाच माहीत नाही. म्हणून काढून नेण्याच्या खर्चाची बँक गॅरंटी आत्ताच घ्यायची. आणि ताबा देण्याआधी सरकारी मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हाती ठेवायची. सपाटीकरणात बांध जातात, हद्दीचे दगड जातात. शेजारच्या गटाशी वाद लागला की तेव्हा तो नकाशाच बोलेल.

29 च का, असं तू विचारलंस. मुद्रांक शुल्काचं गणित आहे ते. दहा ते 29 वर्षांच्या पट्ट्याला जमिनीच्या बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवर शुल्क लागतं, त्यापुढे 90 टक्क्यांवर. कंपनीची सोय आहे. तू 25 माग. नोंदणी करायचीच आहे. आणि काहीही झालं तरी मध्यस्थाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट, जी तू लिहिली नाहीस. सातबाऱ्यावर तुझे बाबा आणि सख्खे काका, दोघांचीच नावं आहेत. आत्या कुठे आहेत? त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेलं नसेल तर त्या हिस्सेदार आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो राहतो, हे विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला पक्कं केलं. याच नियमाने मुलगी म्हणून तुझाही बाबांच्या हिश्श्यात वाटा आहे. कंपनीचा वकील कागद तपासताना ही त्रुटी काढणारच, मग घाईघाईने आत्यांकडे सहीला माणूस जाईल. तसं होऊ देऊ नकोस. त्यांना आधी मसुदा वाचून दाखव, भाड्यातला त्यांचा वाटा थेट त्यांच्या खात्यात जमा होईल असं लिहून घे. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा म्हणून दिसतंय, तेही आधी फेडून टाका.

माझं मत विचारशील तर सहा एकर मुरमाड माळ द्या. विहिरीलगतचे दोन एकर ठेवा. चासकमानचं पाणी जिथे पोचतं ती जमीन पन्नास हजारांच्या हिशेबात बसत नाही, आणि बाबांना रोज सकाळी उठून जायला शेत हवं. विहिरीकडे जायची वहिवाट कुंपणाबाहेर राहील असा नकाशा कंपनीकडून काढून घे.

रविवारी दुपारी घरी ये. आठ अ चा उतारा, आजोबांच्या वेळचे फेरफार आणि मसुद्याची छापील प्रत आण. आत्यांना घेऊन आलीस तर फारच बरं.

तुझा,
काका