सासूबाईंनी विचारलेला तेरडा

"माई, आमच्या खिडकीसमोरच मंडळाचा मांडव असतो. दहा दिवस काचा थरथरतात, माझं डोकं फुटायची वेळ येते. गेल्या वर्षी गौरी गेल्यावर 'ऑफिसचं ट्रेनिंग आहे' असं घरी सांगून मी एकटी कासला फुलं बघायला गेले. परवा तिथला माझा फोटो सासूबाईंच्या हाती लागला; तोच सोबत पाठवतेय. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, 'आमच्या कोकणात गौर तेरड्याची असते. तिकडे तेरडा होता का गं?' तेव्हापासून गप्प आहेत. नवरा म्हणतो, सणात घर सोडून पळणं अतिच झालं. मी चुकले का? — सोनकी, पुणे"

सोनकी,

गेलीस त्यात काही चूक नाही. थाप मारलीस, ती चूक.

तू बाप्पाला कंटाळलेली नाहीस. आरतीला उभी राहत असशील, मोदकांना कळ्याही पाडत असशील. तुला नको आहे ती स्पीकरची भिंत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे, त्यामुळे तुझं डोकं दुखणं हे काही नखरे नव्हेत. रात्री दहानंतर स्पीकर बंद हवेत. काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, ते दिवस सोडून वाजले तर पोलिसांना कळवायचं. त्याआधी मंडळाच्या पोरांशी नवऱ्याला बोलायला लाव. 'अतिच' म्हणायला तोंड आहे, तर तेवढं कामही करू दे!

आता सासूबाई. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्यांच्या त्या एका वाक्यावर अडखळले. तुला तो टोमणा वाटला. मला तो साधा प्रश्न वाटतो, आणि तू त्याचं उत्तरच दिलेलं नाहीस. तेरड्याची गौर म्हणजे पावसात उगवलेली रानटी रोपं मुळासकट आणायची, त्यांनाच साडी नेसवायची, मुखवटा लावायचा. फुलांच्या शोधात रानात जाणं त्यांच्या लेखी सणाबाहेरचं नाहीच. पुण्यात लग्न होऊन आल्यावर त्यांचं ते रान सुटलं असेल, कोण जाणे. आणि तू फुलं बघून आलीस, तीही चोरून.

तेव्हा यंदा त्यांना घेऊन जा. गौरी गेल्यावरच, आणि मधल्या वारी. सुट्टीच्या दिवशी कासला गेलीस तर लक्ष्मी रोड सोडून लक्ष्मी रोडवरच गेल्यासारखं होईल. आधी ऑनलाइन बुकिंग करायचं, आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. फोटोसाठी फुलांत बसकण मारणारी माणसं बघून माझं तर डोकंच फिरतं. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ की सीतेची आसवेसारखं नाजूक जांभळं फूल मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत किडे पकडून पोट भरतं. तिथे आपण बूड टेकायचं?

तारखेकडेही बघ. गणपती ऑगस्टअखेरीला आले तर कासचा बहर नुकता सुरू झालेला असतो, सप्टेंबरच्या मध्यावर आले तर ऐन भरात. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नसेल तर कासचा हट्ट नको. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते, उतारावर तुझ्या नावाचं फूल, सोनकी असते, तेरडाही असतो. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी.

माफी मागायची ती ट्रेनिंगच्या थापेची, एका वाक्यात. रडारड नको, फुलांचं कौतुक सांगून सारवासारवही नको. मग तो फोटो पुन्हा काढ आणि त्यांच्या शेजारी बस. मागच्या उतारावर जे गुलाबी-जांभळं दिसतंय, तो तेरडाच असणार. तू फोटो काढलास, पण ओळखला नसशील. त्यांना विचार.

— माई