गौताळ्यात पहिल्यांदा जाताना

प्रिय विद्यार्थी मित्रा,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत तिघा-चौघांनी मिळून कन्नड गावाजवळच्या गौताळ्याच्या जंगलात पायी हिंडायचा तुमचा बेत कळला, आणि बूट कोणते घ्यावेत हा तुझा प्रश्नही वाचला. बुटांचे उत्तर थोडक्यात आटोपते: नवे कोरे बूट घालून जंगलात पहिले पाऊल टाकू नकोस, पायाला सवयीचे झालेले आणि तळाला पकड असलेले बूट घाल. तू न विचारलेल्या एका गोष्टीची मला जास्त काळजी वाटते, ती म्हणजे परत किती वाजता फिरायचे हे तुम्ही ठरवले आहे का?

हे विचारण्याला आपल्या भागातले खास कारण आहे. किल्ल्यावर जाताना माणूस आधी चढतो, दमतो आणि मग उतरतो. कन्नडच्या बाजूने गौताळ्यात शिरताना मात्र आपण पठारावर असतो, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच असतो, आणि खाली खानदेशाकडे दऱ्या उतरत गेलेल्या असतात. पितळखोऱ्याची लेणी पाहायची तरी पायऱ्यांनी खोऱ्यात उतरावेच लागते. सकाळच्या गारव्यात ताज्या पायांनी उतरताना सगळे सोपे वाटते, गप्पा रंगतात, आणि चढण वाट्याला येते ती दुपारच्या उन्हात, पाय भरून आल्यावर आणि बाटली अर्ध्याच्या खाली गेल्यावर. म्हणून वेळेचा आणि पाण्याचा एक तृतीयांश भाग संपला की असाल तिथून मागे फिरा, धबधबा पुढच्याच वळणावर असला तरी. हा हिशेब निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष ठरवून ठेवा, कारण खाली उतरल्यावर ‘अजून थोडे पुढे जाऊ’ म्हणणाऱ्याला आवर घालणे कठीण जाते.

पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या. गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुमारे 260 चौरस किलोमीटरचे आहे आणि साग, सालई, धावडा, पळस, अंजन अशा झाडांचे ते पानगळीचे रान आहे. दिवाळीत ते हिरवे दिसते आणि ओढ्यांत थोडे पाणीही असते, पण नकाशावरच्या प्रत्येक निळ्या रेघेवर विसंबू नका. होळीपर्यंत त्यांतल्या बहुतेक रेघा कोरड्या पडलेल्या असतात. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असू द्या. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट, अशी एक बाटली वेगळी भरून ठेवा.

तुझ्या वयाचा असताना मी याच पठारावर फसलो होतो. ऑक्टोबरअखेरचे दिवस होते, गवत कमरेला लागत होते, आणि चांगली मळलेली दिसणारी एक वाट धरून आम्ही तासभर चाललो. ती गुरांची वाट होती. माणसांची वाट गावाला पोचते. गुरांची वाट चाऱ्यापाशी जाऊन फुटते आणि विरते. आमचीही तशीच विरली. आपल्या काळ्या पाषाणाच्या पठाराचा स्वभाव असा, की ते हळूहळू उतरत नाही, एकदम तुटते, आणि उंच गवतात तो तुटलेला कडा दहा पावलांवरूनही दिसत नाही. माझ्या पुढच्या मित्राने काठी पुढे टेकवली ती हवेत गेली, म्हणून आम्ही थांबलो. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि खोऱ्यात त्याच्या बरेच आधी झाकोळते, हे त्या दिवशी शिकलो. शेवटी एका गाईच्या घंटेचा आवाज आला आणि तिच्यामागे असलेल्या गुराख्याने आम्हाला रस्त्याला लावले. त्याने विचारले एवढेच, की घरी सांगून आलात का? आम्ही सांगितलेले नव्हते. तुम्ही कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे कागदावर लिहून घरी ठेवा, कारण घाटात फोनचा भरवसा नसतो. वन विभागाच्या नाक्यावर परवानगी घेऊन नोंद करा आणि तिथल्याच गावातला वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या; त्याची मजुरी हा या सहलीतला सर्वांत रास्त खर्च समज.

वाघ-बिबट्याची भीती तुला सर्वांत जास्त वाटते आहे, पण तुझा हा क्रम नेमका उलटा आहे. 2021 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्याच्या कॅमेऱ्यात दिसला हे खरे, बिबट्याही तिथे आहे, पण मी जास्त जपतो ते आग्या मोहोळाला. कड्याखाली मोहोळ दिसले तर धूर, आरडाओरडा आणि अत्तर यांपैकी काहीही जवळ नको. अस्वल अचानक समोर आले तर बिथरते, म्हणून दाट झाडोऱ्यात हलक्या आवाजात बोलत चाला. साप चावलाच तर जखमेला चिरा देणे किंवा पाय दोरीने करकचून आवळणे यात वेळ दवडू नका. तो पाय हलू न देता माणसाला उचलून रस्त्यावर आणा आणि 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

पँट पूर्ण लांबीची आणि मोजे जाडसर असू द्या. या दिवसांत कुसळी गवत वाळलेले असते. त्याचे टोकदार बी कापडात शिरले की चालताना पिळा घेत आतच सरकत जाते, आणि ओढल्यास शेपटी हातात येऊन टोक आतच राहते. परतल्यावर मोजे तसेच धुण्यात टाकू नकोस. अंगणात उन्हाला बसून एकेक कुसळ टोकाच्या बाजूने काढ, नाहीतर घरातल्या सर्वांच्या कपड्यांत ती निघतील आणि पुढच्या वेळी परवानगी नाक्यावर नव्हे, आईकडेच मागावी लागेल.

तुझा,
सर