चंद्रपूरच्या धुळीत सोलर: तीन किलोवॅट की पाच?

प्रश्न: चंद्रपूरला स्वतःचे घर आहे. वर्षाला साधारण ३,४०० युनिट वीज लागते, बिल ३६ हजारांच्या घरात जाते. अडीच लाखांची एफडी सुटते आहे. तीन किलोवॅट सोलरचे दोन लाख सांगितले आहेत, पाचचे तीन लाख दहा हजार. विक्रेता म्हणतो, इथे प्रदूषण फार, पाचच बसवा. उरलेल्या ६० हजारांचे कर्ज काढू का?

उत्तर: कर्ज नको आणि पाचही नको. तीन किलोवॅट मात्र जरूर बसवा.

विक्रेत्याचे निम्मे म्हणणे खरे आहे. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने यांच्यामुळे हवेत जे धुरके राहते ते ऊन अडवते, आणि त्यावर घरमालकाकडे इलाज नाही. काचेवर बसणारी राख आणि काजळी मात्र धुता येते. गांधीनगर आयआयटी आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की काही आठवडे न धुतलेली पॅनेल स्वच्छ केल्यावर वीज सुमारे ५० टक्क्यांनी वाढली. म्हणजे धुण्यात पैसा आहे, जास्तीच्या पॅनेलमध्ये नाही.

आता हिशेब. स्वच्छ हवेत तीन किलोवॅट रोज सुमारे १२ युनिट देते, वर्षाला ४,३०० च्या आसपास. पॅनेल नियमित धुवूनही प्रदूषणापायी २० टक्के गेले असे धरू, ३,४४० उरतात. तुमची गरज ३,४००! धुळीने खाल्ली ती तुमची वापरायची वीज नव्हेच, वरकड होती.

पाच किलोवॅटची जादा वीज, तोच २० टक्क्यांचा फटका धरून, सुमारे २,३०० युनिट. ती सगळी शिल्लक पडेल. आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक युनिटना वीज कंपनीकडून मिळणारा भाव तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. तीन रुपये धरले तर वर्षाला ६,९०० रुपये, त्यासाठी गुंतवणूक एक लाख दहा हजार. एवढे व्याज एफडीही देईल, शिवाय मुद्दल शाबूत. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदानही तीन किलोवॅटनंतर वाढत नाही, ७८ हजारांवर थांबते.

तीन किलोवॅट अनुदान वजा जाता १ लाख २२ हजारांना पडेल. स्थिर आकार भरावाच लागणार, तरी वर्षाला ३० हजार वाचले तर चार वर्षांत पैसे वसूल. अनुदान मात्र काम पूर्ण झाल्यावर खात्यात येते, तेव्हा आधी पूर्ण दोन लाख हाताशी हवेत.

ऑर्डर देण्याआधी गच्चीवर नळ आणि पॅनेलपर्यंत हात पोचेल अशी वाट लिहून घ्या. धुणे सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ फडक्याने, साबण नको. खालच्या चौकटीच्या कडेला राखेची पट्टी साचते, तिथे आधी बघा. पाणी क्षारयुक्त असेल तर काच लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग धरतात. धुण्याआधीच्या आणि नंतरच्या निरभ्र दिवसाचे युनिट ॲपवर पडताळा. किती दिवसांनी धुवायचे ते त्यावरूनच ठरवा.

अनुदानाचे ७८ हजार आले की पुन्हा एफडीत टाका. पॅनेल २५ वर्षे चालतील, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. तो बदलायचा खर्च त्यातून निघेल.